लाल अकिकावरची फोर्तुना: प्राचीन कोरीव खडा नव्या अंगठीत बसवण्याच्या नोंदी

4 मार्च 2024, सोमवार

खडा ताब्यात घेतला. लाल अकीक म्हणजे कार्नेलियन. लंबगोल, चपट्या पृष्ठाचा, आत कोरलेला (इंटाग्लिओ). कोरीव आकृती रोमन देवता फोर्तुनाची: एका हातात सुकाणू, दुसऱ्यात समृद्धीचे शिंग. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात ही आकृती अंगठ्यांवर इतकी चालत असे की तीच मुद्रा निरनिराळ्या हातांनी कोरलेली शेकडो खड्यांवर दिसते.

कागद आधी पाहिले. खडा 1970 पूर्वी ब्रिटनमध्ये होता हे दाखवणारी जुनी विक्रीची पावती आणि त्यावरचे वर्णन खड्याशी जुळते. 1970 हे युनेस्कोच्या सांस्कृतिक मालमत्ता कराराचे वर्ष आहे आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारात तीच सीमारेषा धरतात. पावती नसती तर काम हाती घेतले नसते. जमिनीतून चोरून काढलेल्या खड्याला सोन्याचे घर (म्हणजे कोंदण) दिले की तो चोख दिसू लागतो, आणि त्यात सोनाराचा हात लागलेला असतो.

मापे (डिजिटल कॅलिपरच्या जबड्यांना पातळ चामड्याची पट्टी लावून, पट्टीची जाडी वजा करून):
पुढचे पृष्ठ 13.2 × 10.6 मिमी, मागचे 11.4 × 8.8 मिमी, जाडी 3.4 मिमी. वजन 0.822 ग्रॅम, म्हणजे 4.1 कॅरट.

म्हणजे कडा मागे निमुळत्या होत गेल्या आहेत आणि पुढचे पृष्ठ सर्वांत रुंद आहे. या एका गोष्टीवर पुढचे सगळे काम अवलंबून राहील. आजचे बहुतेक खडे तळाशी रुंद आणि वर अरुंद असतात, त्यांच्या उतारावर सोने सहज वळते. इथे सोने वळायला उतारच नाही.

6 मार्च

सूक्ष्मदर्शकाखाली 10 पट आणि 40 पट. प्रकाश एकदा वरून, एकदा अगदी तिरपा, एकदा खड्याच्या मागून.

मागून प्रकाश टाकल्यावर: रंग एकसारखा नाही, धुक्यासारखे फिके पट्टे दिसतात, बुडबुडे नाहीत. रोमन काळातही काचेचे साच्यात ओतलेले नकली खडे बनत. त्यांत गोल बुडबुडे असतात आणि आकृतीच्या कडा वितळल्यासारख्या गोलसर असतात. इथे तसे नाही. डाव्या बाजूला कडेपासून आत 2 मिमी गेलेली एक बारीक जुनी चीर आहे. चिरेत मळ भरलेला आहे, म्हणून जुनी.

तिरप्या प्रकाशात: पृष्ठावर सगळ्या दिशांना जाणारे बारीक ओरखडे, कोरीव रेषांच्या ओठांवर झीज. धड एका लांबट खोल कापात काढले आहे, वस्त्राच्या चुण्या समांतर आखूड खाचांत, डोके एका गोल टोकाच्या छिद्रात आणि त्यावर दोन-तीन रेघा. म्हणजे लोखंडी फिरती हत्यारे आणि त्यांना तेलासोबत लावलेली कुरुंदाची पूड. अकिकाची कठीणता 6.5 ते 7, कुरुंदाची 9. काप प्रत्यक्षात पूड करते, लोखंड फक्त तिला घेऊन फिरते. त्यामुळे खाचेच्या तळाशी रेघा किंचित नागमोडी आणि असमान दिसतात. हिऱ्याच्या आधुनिक टोकाने कोरले की रेघा धारदार आणि काटेकोर समांतर येतात.

एकट्या लक्षणावर निकाल देऊ नये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रोममधले कारागीर प्राचीन पद्धतीनेच कोरत होते. पोनियातोव्स्की नावाच्या पोलिश राजपुत्राच्या संग्रहातले जवळपास 2500 खडे प्राचीन म्हणून नावाजले होते. 1839 मध्ये लंडनला लिलाव झाला तोवर ते नवे असल्याची कुजबुज सुरू झाली होती. त्यांचा एक दोष नजरेत भरतो: कोरीव काम फार सुबक आणि विषय पुराणकथांतले दुर्मीळ प्रसंग. आपला खडा उलट आहे. घाईने कोरलेला, रोजच्या वापराचा, झिजलेला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कडेवर सापडली. बाजूच्या उतारावर, पुढच्या पृष्ठापासून साधारण 0.8 मिमी खाली, तपकिरी गंजाची तुटक रेघ आहे. खडा मुळात लोखंडी अंगठीत होता असे यावरून वाटते. रेघ जिथे सुरू होते तिथपर्यंत जुने घर असावे. ही रेघ काढायची नाही. आम्लाने दोन मिनिटांत निघेल आणि खड्याच्या पहिल्या अंगठीचा एकमेव पुरावा जाईल.

8 मार्च

ठसा घेतला. दाताच्या डॉक्टरांकडे असते ते दोन भागांचे पातळ सिलिकोन, प्रमाण 1:1, थर 4 मिमी. आधी मागच्या बाजूला एक थेंब 10 मिनिटे ठेवून डाग पडत नाही याची खात्री केली, कारण अकीक सूक्ष्म सच्छिद्र असतो. मेण किंवा प्लॅस्टिसीन वापरायचे नाही, त्यातले तेल चिरेत शिरते.

पहिला ठसा वाया गेला. पृष्ठभाग चिकट राहिला. कारण हातमोजे: लॅटेक्समधल्या गंधकाने या जातीचे सिलिकोन घट्ट होत नाही. व्हिनाइलचे मोजे घालून पुन्हा केले. दुसऱ्यात शिंगाच्या जागी हवेचा बुडबुडा आला. तिसऱ्या वेळी सिलिकोन आधी मऊ कुंचल्याने खाचांत भरले, मग वरून ओतले. ठसा स्वच्छ आला.

नोंद ठेवताना उजवे-डावे नेहमी ठशावरून लिहायचे, कारण खडा मुद्रेसाठी कोरलेला असतो आणि कारागिराने आकृती ठशात सुलट दिसावी म्हणून उलटी कोरलेली असते. ठशात फोर्तुनाच्या उजव्या हातात सुकाणू आहे, पाहणाऱ्याच्या डावीकडे. खड्यात ते पाहणाऱ्याच्या उजवीकडे दिसते. घराची कड (सोन्याच्या भिंतीचा वरचा काठ, जो खड्यावर वळवून तो धरायचा) कुठे किती वळवायची हे मात्र खड्यावरून ठरवायचे आहे, म्हणून या वहीत यापुढे घराबद्दलच्या सगळ्या दिशा खड्याकडे पाहताना अशाच लिहू. दोन पद्धती मिसळल्या तर कड चुकीच्या बाजूला रुंद होईल.

संपूर्ण खड्याचा साचा करून इपॉक्सीची प्रतिकृती ओतली. ती 13.16 × 10.57 मिमी भरली, म्हणजे 0.3 टक्के आकसली. घर प्रतिकृतीवर बसवून पाहताना हा फरक धरायचा, नाहीतर मूळ खडा आत जाणार नाही आणि कोणीतरी अंगठ्याने रेटेल.

11 मार्च

विशिष्ट गुरुत्व. हवेत 0.822 ग्रॅम, पाण्यात पहिल्यांदा 0.502, म्हणजे 2.57. कमी वाटले. खाचेत हवेचा बुडबुडा अडकला होता. पाण्यात साबणाचा एक थेंब, कुंचल्याने हलके घासून पुन्हा: पाण्यात 0.506, गुरुत्व 2.60. कार्नेलियनच्या 2.58 ते 2.64 या पट्ट्यात बसते. कोरीव खड्याचे गुरुत्व पहिल्या वाचनावर कधी लिहू नये.

अपवर्तनांक मुद्दाम घेतला नाही. त्यासाठी लागणारा द्रव कोरीव रेषेत शिरतो आणि इतर लक्षणे पुरेशी आहेत.

सफाई: ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबण, मऊ कुंचला, खाचेत फक्त बांबूची काडी. अल्ट्रासोनिक यंत्र नाही, त्या कंपनाने जुनी चीर पुढे सरकते. वाफ नाही. आम्ल नाही. कडेची गंजाची रेघ पाण्यातही घासली नाही.

13 मार्च

घर कसे करायचे यावर निर्णय.

चिकटवायचे नाही, हे पहिले. रोमन सोनार बरेच खडे डिंकासारख्या पदार्थाने बसवत आणि त्याचा परिणाम वेल्समधल्या कार्लिऑनला दिसतो. तिथल्या सैनिकी स्नानगृहाच्या गटारात 88 कोरीव खडे सापडले. गरम पाणी आणि वाफ यांनी चिकटवण सुटली, खडे पडले, पाण्याबरोबर वाहून गेले. इंग्लंडमधल्या कार्लाइलच्या रोमन स्नानगृहातही तिसाहून अधिक खडे असेच मिळाल्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. आजचे इपॉक्सी त्याहून टिकाऊ आहे, पण ते काढायला उष्णता किंवा विद्रावक लागतो. दोन्ही या खड्याला नकोत.

दुसरे: खड्याला कानस लावायची नाही. बसत नाही म्हणून कड किंचित घासणे ही जुन्या खड्यांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक आहे. घर खड्याच्या मापाचे करायचे.

तिसरे: मागची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे मागून प्रकाश टाकून चीर तपासता येईल.

चौथे, आणि इथे सर्वांत जास्त वेळ गेला: खडा वरून धरण्यासाठी कड पृष्ठावर किती येणार? डोक्याच्या वर 0.9 मिमी मोकळी जागा, पायाखालच्या रेघेखाली 0.5, सुकाणूच्या टोकाजवळ (खाली उजवीकडे) फक्त 0.4. खाली डावीकडे 1.1 मिमी लांब, 0.4 मिमी रुंद टवका उडालेला आहे. ठरले ते असे: सगळीकडे 0.35 मिमी, सुकाणूपाशी 0.25, टवक्यावर कड नुसती पुलासारखी, दाब अजिबात नाही.

कडेसाठी 22 कॅरटचे सोने, कारण मऊ. कमी दाबाने वळते. बोटाच्या वळ्यासाठी 18 कॅरट, कारण 22 चे वळे रोजच्या वापरात वाकते आणि वाकलेले वळे घर पिळते.

18 मार्च

चाचणीचे घर चांदीत. खड्याऐवजी गुजरातमधल्या खंबातच्या कारागिरांनी घासलेले नवे कार्नेलियन, त्याच मापाचे आणि त्याच उताराचे. खंबातचा हा धंदा जुना आहे. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोच बंदराला गाड्यांनी मोठ्या प्रमाणावर अकीक जातीचा दगड येत असल्याची नोंद आहे. आपला खडा दख्खनचा आहे असे म्हणायला आधार नाही, पण रोमन सोनारांच्या बाजारात आपल्याकडचा दगड होता हे पक्के.

पहिली रचना: खड्याच्या निमुळत्या उतारावर बसेल असे आतून तिरके घर. दिसायला उत्तम, खडा पाचरीसारखा घट्ट बसला. कड वळवताना सहाव्या दाबाला 'टिक' आवाज आला आणि काठावरून टवका गेला.

कारण उघड आहे. उताराचा कोन साधारण 15 अंश. इतक्या उभ्या उतारावर वरून थोडा दाब दिला की पाचर आत रुतते आणि बाजूंवर त्याच्या कितीतरी पट दाब पडतो. तोही सगळीकडे सारखा नाही, जिथे घर एका केसाने अरुंद आहे तिथे सगळा. ही रचना सोडली.

20 मार्च

दुसरी रचना: खडा पाठीवर बसतो. घराच्या तळाशी सपाट पट्टी, तिच्यात 10.0 × 7.4 मिमी खिडकी. म्हणजे पाठीला चहूबाजूंनी 0.7 मिमी टेकू. उतार आणि उभी भिंत यांच्यात पाचरीच्या आकाराची पोकळी राहते, ती तशीच ठेवायची. गंजाची रेघ त्या पोकळीत सुरक्षित राहते, कोणत्याही धातूला न लागता. वरून दाब आला तर तो सरळ पाठीवर उतरतो.

नवीन कार्नेलियनवर तीन वेळा बसवून काढले. टवका नाही.

एक त्रुटी दिसली: तळपट्टीवर डाखाचा (जोडासाठी वितळवायच्या धातूचा) एक कण राहिला तरी खडा तीन पायांच्या स्टुलासारखा डुगडुगतो. डाख बाहेरून द्यायचा, आत आला तर टेकू सपाट करूनच पुढे जायचे.

25 मार्च

सोन्याचे काम सुरू.

पुढच्या पृष्ठाचा परीघ 37.5 मिमी. पत्रा 0.5 मिमी जाड, म्हणून पट्टीच्या लांबीत 3.14 × 0.5 म्हणजे 1.57 मिळवायचे. चहूबाजूंनी 0.05 मिमी मोकळीक, त्याचे 0.31. एकूण 39.4 मिमी. ही जाडीची भर विसरली की घर नेहमी लहान पडते.

उंची: तळपट्टी 0.6, खडा 3.4, वळवण्यासाठी 0.6. एकूण 4.6 मिमी. पट्टी सुमारे 1.6 ग्रॅम, तळपट्टी 0.6 ग्रॅम.

जोडाची दोन्ही टोके उजेडात धरून फट दिसेनाशी होईपर्यंत कानसली. टाकणखार, मग कडक डाख. लंबगोलाचा जोड लांब बाजूवर, मध्याच्या जरा बाजूला घेतला, टोकावर नाही. टोकाला वळण सर्वांत तीव्र असते आणि कड वळवताना तिथल्या जोडावर जास्त ताण येतो. तळपट्टी मध्यम डाखाने. आम्लात टाकून स्वच्छ, मग आतून भिंगाखाली तपासणी. एका जागी डाख टेकूवर चढला होता, सपाट टोकाच्या छिन्नीने काढला.

प्रतिकृती आत सैल गेली, 0.04 चा फरक धरून बरोबर. मूळ खडा अजून पेटीतच. डाखाची शेवटची आच होईपर्यंत तो बाकावर आणायचा नाही.

28 मार्च

वळे: 18 कॅरट, 2.6 × 1.8 मिमी, आतून सपाट, बाहेरून गोलसर. आतला व्यास 18.2 मिमी. मधल्या रेषेवर परीघ 62.8, त्यातून घराने व्यापलेला 12.5 मिमीचा कंस वजा. 50.3 लागतात, 51.5 कापले, उरलेले कानसण्यासाठी. घराचा लांब अक्ष बोटाच्या दिशेने.

टोके ठोकून 5 मिमी पसरवली आणि घराच्या भिंतीच्या खालच्या निम्म्या भागाला मऊ डाखाने जोडली. वरच्या कडेवर ओली चिकणमाती लावली, तिथवर डाख धावू नये म्हणून. कडेला डाख लागला तर ती जागा कडक होते आणि वळवताना बाकीच्या कडेबरोबर येत नाही.

2 एप्रिल

हॉलमार्कसाठी अंगठी बर्मिंगहॅमच्या 'असे ऑफिस'ला (सोन्याचा कस तपासून शिक्का देणारे कार्यालय) पाठवली, खड्याविना. ब्रिटनमध्ये 1 ग्रॅमवरील सोन्याच्या वस्तूवर शिक्का सक्तीचा आहे. शिक्का हातोड्याने उठतो आणि तो धक्का घरापर्यंत जातो. आधी खडा, मग शिक्का, हा क्रम जुन्या खड्यांचा घात करतो. दोन कसांचे सोने असल्याने सर्वांत कमी कसाचा आकडा लागेल: 750, म्हणजे 18 कॅरट.

11 एप्रिल

अंगठी परत आली. बनवणाऱ्याचा शिक्का, 750, बर्मिंगहॅमचा नांगर. वळ्याच्या मागच्या बाजूला स्वच्छ उठले आहेत. शिक्क्याने वळे किंचित चपटे झाले होते, लाकडी मोगरीने निमुळत्या दांड्यावर गोल केले.

पॉलिश आजच पूर्ण केले. खडा बसल्यावर पॉलिशचे चाक लावायचे नाही. त्या मसाल्यात अनेकदा अकिकापेक्षा कठीण अ‍ॅल्युमिनाची पूड असते, ती पृष्ठ घासते, खाचांत घट्ट बसते आणि आकृतीच्या रेषा भरून टाकते. बाजारात दिसणाऱ्या कितीतरी जुन्या खड्यांच्या खाचांत लालसर पॉलिश अडकलेले असते, आणि लोक त्याला प्राचीन मळ समजतात.

कड बाहेरून कानसून 0.3 मिमीपर्यंत पातळ केली. टवक्यासमोर 0.25. मग अंगठी साबणपाण्यात उकळून, बाक पुसून, कानसा आणि कुरुंद कागद दुसऱ्या खोलीत ठेवले.

15 एप्रिल

खडा बसवला.

वळे चामडे लावलेल्या लाकडी शिकंजात धरले. आपल्याकडची लाखेत रोवून बसवण्याची रीत इथे नको, कारण लाख काढताना ऊब द्यावी लागते. खडा टेकूवर ठेवून वरून लाकडी काडीने चार ठिकाणी हलके दाबून पाहिला. डुगडुग नाही.

सपाट, आरशासारख्या घोटलेल्या तोंडाचे पोलादी हत्यार. क्रम: वर, खाली, मग दोन्ही बाजू, मग त्यांच्या मधले चार. पहिल्या फेरीत कड फक्त आत झुकवायची, पृष्ठाला लावायची नाही. दुसऱ्या फेरीत हत्यार थोडे आडवे. तिसऱ्यात कड पृष्ठावर टेकते. एकूण 5 फेऱ्या झाल्या. घाई करून एकीकडची कड आधी पूर्ण वळवली तर खडा समोरच्या बाजूला सरकतो आणि तिकडे सोने सुरकुतते.

टवक्यापाशी हत्यार आणलेच नाही. शेजारच्या दोन जागा वळल्या तशी मधली कड आपोआप खाली आली आणि खळग्यावर आडवी राहिली.

सुकाणूपाशी तिसऱ्या फेरीत कड 0.3 पर्यंत आली. ठरवलेल्या 0.25 पेक्षा जास्त, पण टोकाची रेघ मोकळी आहे. मागे ढकलण्याचा मोह टाळला. वळलेली कड उलटी उचलताना हत्यार खड्याच्या काठाखाली जाते.

शेवटी अकिकाची ओपणी (घासून चकाकी आणणारे हत्यार), थुंकीइतका ओलावा, कडेवरून फक्त बाहेरच्या दिशेने. इंग्लंडमध्ये स्नेटिशमला 1985 साली सापडलेल्या रोमनकालीन सोनाराच्या गाडग्यात शंभरावर कोरीव लाल खडे, चांदीच्या अंगठ्या आणि मोडीच्या चांदीबरोबर गारगोटीची ओपणीही होती. हे हत्यार तेव्हापासून बदललेले नाही आणि बदलण्याचे कारणही नाही.

16 एप्रिल

रात्रभर ठेवून तपासणी. 40 पटीखाली काठाला नवा टवका नाही. चिरेची लांबी मागून प्रकाश टाकून मोजली: 2.0 मिमी, 6 मार्चइतकीच. पातळ कागदाची पट्टी कडेखाली कुठेच जात नाही, फक्त टवक्यापाशी 0.4 मिमी जाते, तिथे अपेक्षितच आहे. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारली, खडखड नाही. खड्यासह वजन 5.9 ग्रॅम.

18 एप्रिल

अंगठीसोबत द्यायचे पत्रक पूर्ण केले. ठसा, तिन्ही प्रकाशांतली छायाचित्रे, मापे, जुनी पावती एकत्र बांधली.

लाखेवर मुद्रा उमटवता येईल का, असे विचारले गेले. रोमन लेखक प्लिनीने सार्डोनिक्स या अकिकाच्या जातीच्या पट्टेदार दगडाबद्दल लिहिले आहे की त्याच्या खड्याला मेण चिकटत नाही, आणि या दगडांवर मुद्रा कोरल्या जाण्याचे ते एक कारण. पण तो मेणाबद्दल बोलतो. आजची मुद्रेची लाख पेटवून टपकवतात. थंड खडा त्यावर दाबला की पृष्ठ एकदम तापते, आतला भाग थंड राहतो आणि जुनी चीर पुढे जाते. मुद्रा हवी असेल तर सिलिकोनच्या ठशावरून पितळेत ओतलेली प्रत वापरावी. तसे पत्रकात लिहिले.

हात धुताना, भांडी घासताना अंगठी काढावी, कारण भिंतीमागच्या पोकळीत साबण साचतो. साचलाच तर मागच्या खिडकीतून कोमट पाणी आणि मऊ कुंचला.

खडा बाहेर काढायचा झाल्यास: कड खाली डावीकडून उघडायला सुरुवात करावी, टवक्याच्या पुलापाशी. तिथे सोने खड्याला टेकलेले नाही, त्यामुळे हाडाची पातळ पट्टी आत जाते आणि काठावर जोर येत नाही. कड वर, खालून खिडकीतून लाकडी काडीने खडा उचलावा. ही जागा वळ्याच्या आत, शिक्क्यांच्या विरुद्ध बाजूला, एका लहान बिंदूने खुणावली आहे.